राणीचा दुखवटा, राजाचा वारसा: "ही वेळ नाही" तर मग कोणती?

उत्तररात्र | २० सप्टेंबर २०२२

काल विंडसरला राणी एलिझाबेथचं दफन झालं आणि ब्रिटनचा राष्ट्रीय दुखवटा संपला. गेल्या दीड आठवड्यात इथे एक वाक्य सतत कानावर पडत होतं: "ही वेळ नाही." राजेशाही अजून कशाला, एका घराकडे एवढी जमीन कशी, त्यांना वारसा कर का नाही, वसाहतींच्या हिशेबाचं काय, कुणी काहीही विचारलं की उत्तर हेच. आधी शोक करू द्या, मग बोलू.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडायचं आहे.

लोकशाहीत राष्ट्राध्यक्ष वारला तर शोक आधी होतो आणि नव्याची निवड नंतर. मधे थोडा अवकाश असतो. राजेशाहीत तो अवकाशच नाही. ८ सप्टेंबरला दुपारी स्कॉटलंडमधल्या बालमोरलला राणी वारली, त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला. दोन दिवसांनी सेंट जेम्स राजवाड्यात जे झालं ती घोषणा होती, निवड नव्हे. डची ऑफ लँकेस्टर ही ६५ कोटी पौंडांच्या आसपासची मालमत्ता त्याच्याकडे आली. १३३७ साली थोरल्या राजपुत्रासाठी स्थापन झालेली डची ऑफ कॉर्नवॉल विल्यमकडे गेली. राणीने राजाच्या नावे जे काही ठेवलं असेल त्यावर वारसा कर लागणार नाही, कारण १९९३ साली जॉन मेजर यांच्या सरकारशी तसं ठरलं आहे. इतरांना साधारणपणे सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर ४० टक्के कर आहे.

म्हणजे दुखवटा उतरेपर्यंत सगळं हस्तांतर होऊन गेलेलं असतं. त्यानंतर विचारलं की लोक म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उकरून काढता. आधी विचारायचं नाही आणि नंतरही विचारायचं नाही, तर मग कधी?

रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना मी नावं ठेवत नाही. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुमारे अडीच लाख लोकांनी अंत्यदर्शन घेतलं. त्यांच्यापैकी कुणाला तिथे ढकलून नेलं नव्हतं. पण माणसांनी आपणहून केलेला शोक एक आणि सरकारने सगळ्यांवर घातलेला दुखवटा दुसरा. रेल्वे कामगारांनी १५ आणि १७ तारखेचा संप मागे घेतला, टपाल कामगारांनी ९ तारखेचा. बँक ऑफ इंग्लंडने व्याजदराची बैठक आठवडाभर पुढे ढकलली. सरासरी घराचं वीज-गॅसचं वार्षिक बिल १ ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंडांवर जाणार होतं. ते २,५०० वर रोखायची योजना पंतप्रधान ट्रस यांनी ८ तारखेलाच संसदेत मांडली. त्याचा पैसा कर्जातून उभा करायचा की ऊर्जा कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर कर लावून, हा या हिवाळ्यातला सर्वांत मोठा वाद होता. राणीची प्रकृती खालावल्याची बातमी त्याच चर्चेदरम्यान सभागृहात आली आणि तो वाद तिथेच थांबला.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिने मला फार अस्वस्थ केलं. १२ तारखेला एडिनबराच्या सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना, क्लॅरेन्स हाउसमधल्या म्हणजे चार्ल्सच्या जुन्या निवासातल्या नोकरांना कळवलं गेलं की त्यांच्या नोकऱ्या जाऊ शकतात. शंभरापर्यंत माणसं. काही जण वर्षानुवर्षं तिथे काम करत होते. शोकाची वेळ म्हणून बाकी सगळ्यांनी थांबायचं होतं. ही पत्रं थांबली नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? रांगेत जे उभे राहिले त्यांनी तर जरूर लिहा.

पिंपळपान | २० सप्टेंबर २०२२

मरणानंतर वैर संपतं, ही आपली रीत. सत्तर वर्षं एक बाई एका जागी उभी राहून काम करत राहिली. मरणाच्या दोन दिवस आधी, ९६ व्या वर्षी, काठी टेकत नव्या पंतप्रधानांना नेमलं. दहा दिवस तिच्यासाठी गप्प बसलो तर काय बिघडलं? मुद्दे बरोबर असतील, पण घाई बरोबर नाही.

नवा_सभासद_७१ | २० सप्टेंबर २०२२

पिंपळपान यांना +१

भरतीओहोटी | २१ सप्टेंबर २०२२

मी उभी होते. संध्याकाळी साउथवर्क पार्कला रांगेत शिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून बाहेर पडले. हातावर रंगीत, नंबर घातलेली पट्टी बांधतात, म्हणजे चहा प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाऊन परत आपल्या जागी येता येतं. टॉवर ब्रिज, लंडन ब्रिज, पुढे लॅम्बेथपर्यंत थेम्सच्या काठाने चालत राहायचं. रात्री फार गारठा होता. माझ्या पुढे एक निवृत्त बसचालक होते आणि मागे घानाहून आलेली एक परिचारिका. पहाटेपर्यंत आम्हाला एकमेकांच्या घरातलं सगळं माहीत झालं होतं.

उत्तररात्र, मी राजेशाहीची समर्थक नाही. तरी गेले. बसचालक काकांच्या आई युद्धात लहान होत्या. राणीही त्याच पिढीची, युद्धाच्या शेवटच्या वर्षी लष्करात गाड्या दुरुस्त करायला शिकलेली. त्यांची आई गेली तेव्हा साथीचे निर्बंध होते, अंत्यविधीला मोजकीच माणसं. ते म्हणाले, तेव्हाचं राहिलेलं रडणं आता रडतोय. रांगेत असे पुष्कळ होते. आपल्या माणसासाठी करता आलं नाही ते ते इथे करत होते. पंढरपूरच्या दर्शनबारीत जशी माणसं देवापेक्षा आपापल्या घरच्या दुःखासाठी उभी असतात, तसंच काहीसं.

हॉलच्या आत काही क्षणच मिळतात. मधोमध उंचावर शवपेटी, तिच्यावर मुकुट. दर वीस मिनिटांनी पहारा बदलतो तेव्हा काठीचा आवाज होतो, तेवढाच. आणि त्याच हॉलच्या पायऱ्यांवर पितळी पाटी आहे: जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सवर इथे खटला चालला. राजाला मृत्युदंड ठोठावणारी जागा तीच आणि राणीपुढे मान लववणारीही तीच. १२ तारखेला तिसऱ्या चार्ल्सने संसदेला उत्तराचं भाषण केलं तेही तिथेच. मला वाटतं हा देश या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली ठेवतो, म्हणून इथे प्रश्न विचारला तर शोकाचा अपमान होत नाही. पण शोक केला म्हणजे प्रश्न सोडला असंही कुणी समजू नये.

गावकूस | २१ सप्टेंबर २०२२

शवपेटीवर कोहिनूर ठेवून मिरवला, आणि आपले लोक इथे अश्रू ढाळतायत. बंगालचा दुष्काळ कुणाच्या राज्यात झाला? जालियनवाला?

खडूफळा | २१ सप्टेंबर २०२२

गावकूस, तुमचा राग समजतो. पण तपशील चुकला की समोरच्याला सुटायला वाट मिळते. त्या मुकुटात कोहिनूर नव्हता. तो तिच्या आईच्या मुकुटात आहे, आणि २००२ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्या शवपेटीवर ठेवला होता. यावेळच्या मुकुटात आणि राजदंडात दक्षिण आफ्रिकेतल्या कलिनन हिऱ्याचे तुकडे आहेत. बंगालचा दुष्काळ १९४३ चा, ही गादीवर आली १९५२ मध्ये. तोवर आपण प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती.

तिच्या स्वतःच्या काळातलंच विचारायचं तर केनिया विचारा. फेब्रुवारी १९५२ मध्ये वडील गेल्याची बातमी तिला केनियातच कळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे आणीबाणी लागली, छावण्या उभ्या राहिल्या, माणसांचा छळ झाला. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांना मिळून १ कोटी ९९ लाख पौंड द्यायचं मान्य केलं. तेही कोर्टात खेचल्यावर.

गावकूस | २१ सप्टेंबर २०२२

कोहिनूरचं मान्य. पण १९९७ मध्ये ती अमृतसरला गेली, जालियनवाला बागेत फुलं वाहिली आणि माफी मागितली नाही. हे तिच्याच काळातलं. आणि योगायोग पाहा, ती गेली त्याच ८ सप्टेंबरला दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजींचा पुतळा उभा राहिला. त्या जागी पूर्वी तिच्या आजोबांचा, पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. तीन दिवसांनी, ११ तारखेला, आपल्या सरकारने तिच्यासाठी एक दिवसाचा दुखवटा पाळला. पाळू नये असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या आजोबांच्या पिढीला कुणी मान लववली का, एवढंच विचारतो.

रात्रपाळी | २२ सप्टेंबर २०२२

मी इथे एका सरकारी रुग्णालयात आहे. नाव सांगत नाही. अंत्यविधीसाठी १९ तारखेची सुट्टी अचानक जाहीर झाल्यावर त्या दिवशीच्या बाह्यरुग्ण भेटी आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. रुग्णांना फोन करायचं काम आमच्याकडे आलं. एक आजोबा गुडघ्यासाठी कधीचे थांबलेले. ते म्हणाले, राणीसाठी चालेल, माझी हरकत नाही. मनापासून म्हणाले. त्यानंतरच्या फोनवर एक बाई होती, पोटाच्या दुखण्याची तपासणी होती तिची. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, मला कुणी विचारलं का?

दोघांनाही मी तीच तारीख दिली. आजोबांनी जे दिलं ते त्यांचं होतं, ते देऊ शकत होते. त्या बाईकडून मात्र घेतलं गेलं. काही ठिकाणच्या अन्नपेढ्यांनीही त्या दिवशी बंद राहायचं जाहीर केलं होतं. लोक चिडले तेव्हा काहींनी निर्णय फिरवला. ज्यांच्या घरी डबे रिकामे आहेत त्यांनी राणीसाठी एक दिवस अजून थांबावं, हे कुणाच्या मनात तरी कसं येतं?

पिंपळपान | २२ सप्टेंबर २०२२

रात्रपाळी, हे वाचून वाईट वाटलं. सुट्टी देताना रुग्णालयं वगळायला हवी होती, याबद्दल दुमत नाही. पण हा दोष सरकारच्या नियोजनाचा. तो राणीवर किंवा राजेशाहीवर का लावायचा?

खडूफळा | २४ सप्टेंबर २०२२

मी पिंपळपान यांच्या बाजूने थोडं बोलतो, पण भावनेवरून नाही.

राजेशाही आणि विषमता यांचं नातं इतकं सरळ नाही. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, तिन्ही ठिकाणी राजघराणी आहेत आणि उत्पन्नातली दरी ब्रिटनपेक्षा बरीच कमी. अमेरिकेत राजा नाही, पण दरी ब्रिटनहून मोठी. नॉर्वेने तर १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं होताना सार्वमत घेतलं आणि लोकांनी मोठ्या बहुमताने राजा निवडला. तेव्हा दरी कमी होते ती करांमुळे, कामगार संघटनांमुळे, शाळा आणि दवाखान्यांमुळे. राजा हटवून भाडं कमी होत नाही.

काल काय झालं ते पाहा. अंत्यविधीला चार दिवस झाले आणि नव्या अर्थमंत्र्यांनी ४५ टक्क्यांचा सर्वोच्च प्राप्तिकर काढून टाकायची घोषणा केली, बँकर्सच्या बोनसवरची मर्यादाही उठवली. हे राजाने केलं नाही, निवडून आलेल्या सरकारने केलं. राजघराण्याला सरकारकडून मिळणारं सार्वभौम अनुदान यंदा ८ कोटी ६३ लाख पौंड आहे, म्हणजे माणशी सव्वा पौंडाहून थोडं जास्त. त्यावर महिनाभर भांडायचं आणि या अर्थसंकल्पाकडे पाठ फिरवायची?

उत्तररात्र | २४ सप्टेंबर २०२२

नॉर्वेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे लोकांना विचारलं गेलं. ब्रिटनमध्ये एकदाही विचारलेलं नाही.

अनुदानाच्या रकमेत पोलीस बंदोबस्त धरलेला नाही आणि दोन्ही डचींचं उत्पन्नही नाही. डचींना कंपनी कर लागत नाही. लँकेशायरच्या जुन्या हद्दीत कुणी मृत्युपत्र न करता, वारस न ठेवता गेलं तर त्याची मालमत्ता डची ऑफ लँकेस्टरकडे जाते. खर्च वजा करून त्यातलं बरंच दानधर्माला जातं असं सांगतात, पण मुळात ती एका घराकडे का जावी? आणि राजा नुसता नामधारी असंही नाही. राजघराण्याच्या हिताला स्पर्श करणारं विधेयक संसदेत मंजूर होण्याआधी राजवाड्याची संमती घ्यावी लागते. कंपन्यांचे खरे भागधारक उघड करणारा कायदा १९७३ मध्ये येऊ घातला, तेव्हा राणीची खाजगी गुंतवणूक झाकली राहावी म्हणून तिच्या वकिलाने सरकारवर दबाव आणला होता. 'गार्डियन'ने गेल्या वर्षी ती कागदपत्रं छापली.

तुमच्या अर्थसंकल्पाच्या मुद्द्याशी सहमत. त्याच्याकडे पाठ फिरवू नये. पण पैसा जन्माने मिळणं योग्य, हे या देशाच्या सर्वोच्च पदावर लिहून ठेवलेलं आहे. ते रोज पाहणाऱ्या मुलाला ४५ टक्के कर अन्यायाचा वाटला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पंचगंगा | २५ सप्टेंबर २०२२

राजा आणि विषमता हा विषय मराठीत निघाला आणि शाहू महाराज आले नाहीत, असं व्हायला नको. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. तिथे असतानाच, २६ जुलै १९०२ ला, करवीर सरकारच्या गॅझेटात तो जाहीरनामा निघाला: संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. पुढे १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. तेव्हा मतदानाला टाकलं असतं तर मत देणारे कोण असते? शिकलेले, वतनदार, वरच्या जातीचे. जे नको म्हणाले असते ते एका राजाने करून दाखवलं. म्हणून मला "राजेशाही म्हणजे विषमता" हे सरसकट पटत नाही. यंदा मे महिन्यात महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा कोल्हापुरात शंभर सेकंद सगळं थांबलं. मीही थांबलो. कुणी हुकूम केला म्हणून थांबलो नाही.

भरतीओहोटी | २५ सप्टेंबर २०२२

पंचगंगा, प्रतिसाद फार आवडला.

उत्तररात्र | २५ सप्टेंबर २०२२

मलाही. आणि त्याचा प्रतिवाद करावासा वाटत नाही, फक्त पुढे न्यावासा वाटतो. शाहू महाराजांकडे खरी सत्ता होती आणि ती त्यांनी आपल्याच वर्गाचा विशेषाधिकार कमी करायला वापरली. म्हणून शंभर वर्षांनी लोक थांबतात. ब्रिटनच्या राजाकडे असा जाहीरनामा काढायची सत्ता उरलेली नाही. मालमत्ता आणि सवलती मात्र सगळ्या उरल्या आहेत. शाहूंचं समर्थन त्याला उसनं देता येणार नाही.

नवा_सभासद_७१ | २६ सप्टेंबर २०२२

निदान इथे बोलता तरी येतं. थायलंडमध्ये २०१६ साली राजे भूमिबोल गेले तेव्हा वर्षभराचा दुखवटा होता, आणि तिथल्या कलम ११२ खाली राजाचा अपमान म्हणजे ३ ते १५ वर्षं तुरुंग. अशी चर्चा तिथे झालीच नसती.

रात्रपाळी | २६ सप्टेंबर २०२२

इथेही सगळं मोकळं नव्हतं. ११ तारखेला ऑक्सफर्डमध्ये नव्या राजाची घोषणा वाचली जात असताना "याला कुणी निवडलं?" असं ओरडलेल्या माणसाला पकडलं. एडिनबरात राजेशाही रद्द करा असा फलक धरलेल्या तरुणीवर गुन्हा दाखल झाला. लंडनमध्ये एक वकील कोरा कागद घेऊन उभा राहिला, त्याला पोलिसांनी हटकलं. नंतर लंडनच्या पोलिसांनीच जाहीर केलं की लोकांना निषेधाचा हक्क आहे.

पंचगंगा | १९ मे २०२३

धागा वर काढतो आहे. काल ब्रिटनच्या अर्थ खात्याने राणीच्या अंत्यविधीचा आणि दुखवट्याच्या काळाचा सरकारी खर्च जाहीर केला: सुमारे १६ कोटी २० लाख पौंड. ६ मे रोजी राज्याभिषेक झाला. तीच तारीख शाहू महाराजांच्या स्मृतिदिनाची, म्हणून माझं लक्ष दोन्हीकडे होतं. त्या दिवशी सकाळीच 'रिपब्लिक' या राजेशाहीविरोधी संघटनेच्या प्रमुखांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फलक उतरवतानाच पकडलं. फलक बांधायचे पट्टे सापडले, म्हणून. आंदोलकांनी स्वतःला कुठे जखडून घेऊ नये यासाठीचा नवा कायदा तीनच दिवस आधी लागू झाला होता. पुढे गुन्हा दाखल झाला नाही, पोलिसांनी खेद व्यक्त केला. पण मिरवणूक तोवर होऊन गेली होती. उत्तररात्र, सप्टेंबरमध्ये तुम्ही जे लिहिलं होतं, की नंतर विचारा म्हणणारे नंतरही विचारू देत नाहीत, ते आठवलं.

पिंपळपान | १९ मे २०२३

खर्च वाचला. शोकावर खर्च होणारच, मला तो जास्त वाटत नाही. अटकेचं मात्र समर्थन करता येत नाही. शोकाच्या दहा दिवसांत गप्प बसा म्हणणं वेगळं, मी तेच म्हणाले होते. राज्याभिषेक हा आनंदाचा दिवस होता, तिथे कुणाचा शोक दुखावत होता?

रात्रपाळी | २० मे २०२३

ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी मार्चअखेर संपलेल्या वर्षात सुमारे ३० लाख शिधापिशव्या वाटल्या. त्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा. १६ कोटींच्या शेजारी हाही असू द्या.

खडूफळा | २० मे २०२३

आठ महिन्यांत माझं मूळ मत बदललेलं नाही. राजा हटवल्याने दरी मिटणार नाही. पण वारसा कराच्या बाबतीत मी उत्तररात्र यांच्याबरोबर आहे, आणि इथे एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती लिहितो.

१९९३ चा तो करार म्हणजे कायदा नाही. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये विंडसरचा किल्ला जळाला, दुरुस्तीचा खर्च जनतेने का द्यावा म्हणून लोक खवळले, तेव्हा राणीने प्राप्तिकर आपणहून द्यायचं कबूल केलं आणि त्याचं टिपण सरकार आणि राजवाड्याने मिळून केलं. कायद्याने राजाला कर लागूच होत नाही, जे आहे ते समजुतीचं. वारसा कराची सूट त्याच टिपणात आहे. म्हणजे ती काढायला प्रजासत्ताक व्हावं लागत नाही, सार्वमत लागत नाही. लोकांचा रेटा आला तेव्हा एकदा टिपण झालं, तसं ते बदलताही येईल. राजघराण्याची मृत्युपत्रं बंद ठेवायची प्रथाही अशीच. २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप यांचं मृत्युपत्र न्यायालयाने ९० वर्षांसाठी सीलबंद केलं. त्यामुळे किती सूट मिळाली हे मोजायचीही सोय नाही.

उत्तररात्र | २१ मे २०२३

हे मला हवं होतं. माझ्या भागातल्या खासदारांना पत्र लिहिते आहे, दोनच मागण्या: राजाकडून राजाकडे जाणाऱ्या खाजगी मालमत्तेवरची वारसा कराची सूट काढा आणि मृत्युपत्रं इतरांसारखी खुली करा. चार्ल्स ७४ वर्षांचे आहेत. पुढचं हस्तांतर होईल तेव्हा पुन्हा "ही वेळ नाही" ऐकायला लागेल, म्हणून आत्ताच. मसुदा उद्या इथे टाकते. खडूफळा, भाषा तपासून द्याल का? आणि भरतीओहोटी, तुमच्या बसचालक काकांचा पत्ता असेल तर त्यांनाही विचारा, सही करतील का.

भरतीओहोटी | २१ मे २०२३

विचारते. पहिल्या मागणीवर करतील असं वाटतं. दुसरीवर वाद घालतील.